नमुना विद्यार्थिनी

विद्यापीठाने स्वतःची शाळा काढायचं ठरवलं, नववीपासूनच कॉलेजची तयारी करून घेणारी. "ठरवताना डोळ्यांसमोर एक मुलगी ठेवूया," समितीचे अध्यक्ष म्हणाले, आणि समितीवर घेतलेल्या, गावातल्या शाळेच्या गणिताच्या बाईंनी लगेच एक मुलगी सांगितली. वय चौदा, वडील ट्रकवर, आई शिवणकाम करते, अभ्यासाला जागा जिन्याखाली, आणि बीजगणित असं की बघत राहावं! सगळ्यांना वाटलं, बाईंनी मनानेच रचली. ती आपल्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसते, हे बाई कुणाला बोलल्या नाहीत.

मग बैठकांवर बैठका झाल्या. त्या मुलीसाठी बस ठरली, दुपारचं जेवण ठरलं, अभ्यासाला शांत खोलीसुद्धा ठरली. कुठे काही अडलं की बाई पदर खोचून भांडायच्या. दोन अध्यक्ष बदलले, फाईल एकदा हरवून सापडली, पण शेवटी शाळा मंजूर झाली.

छापून आलेला पहिला अर्ज घेऊन बाई तडक तिच्या घरी गेल्या. ती नुकतीच कामावरून आली होती, कपड्यांच्या दुकानाचा बिल्ला अजून छातीवरच होता. तिने उभ्याउभ्या अर्ज वाचला आणि हसून परत दिला.

"बाई, यात चौदाच्या वर चालणार नाही असं लिहिलंय. मला एकोणिसावं लागलं."

 

ती अट बाईंनीच भांडून घालून घेतली होती. तिच्या जागेवर दुसरं कुणी मोठं येऊन बसू नये म्हणून.