कमी आल्याची बिस्किटं

दुकानदार काकांनी खोका आडवा लावून पाहिला, उभा लावून पाहिला, मग चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा एकदा आडवा लावून पाहिला. खोका काही फळीवर बसेना. चार बोटं बाहेरच राहत होता.

"पूर्वीचं पाकीट बरं होतं हो," ते म्हणाले. "मुठीत मावायचं."

"हा मॉलसाठी केलेला खोका आहे, काका," बिस्किटवाला म्हणाला. "दिसायला कसा भारदस्त वाटतो बघा."

"भारदस्त आहे. पण माझं दुकान अंगाने बारीक आहे, त्याला मी काय करू?"

बिस्किटवाला गरजेपेक्षा जास्त हसला. हसावंच लागणार होतं. मॉलवाल्यांनी याच चवीची, याच रंगाच्या कागदातली स्वतःची बिस्किटं काढली होती आणि याचा माल परत धाडला होता. तेव्हापासून भट्टी गार होती. ही जुनी छोटी दुकानं पुन्हा माल घ्यायला लागली तर ती पेटणार होती, नाहीतर जागेला टाळं लागणार होतं. सकाळपासून भेटलेल्या दुकानदारांनी गोड बोलून वाटेला लावलं होतं. एकाला तर याचा चेहराही आठवला नव्हता.

त्याची ताई दुसरा खोका घेऊन दारात उभी होती. एवढ्या वर्षांत ती एकाही दुकानात आली नव्हती. ती भट्टीपाशी आणि हा रस्त्यावर, अशी दोघांची वाटणी होती. आता खोके उचलायला माणूसच उरला नव्हता, म्हणून ती आली होती. घाईत तिची ओळख करून द्यायचंही राहून गेलं होतं.

"ही फळी तुमचीच होती," काका काडेपेट्या बाजूला सारत म्हणाले. "तुम्ही यायचे बंद झालात, तरी मी ती बरेच दिवस रिकामी ठेवली. रिकामी फळी म्हणजे पडलेल्या दातासारखी, जीभ सारखी तिथंच जाते. शेवटी काडेपेट्या लावल्या."

बिस्किटवाल्याने खाली पाहिलं. हे ताईसमोर निघायला नको होतं.

ताईने खोका जमिनीवर ठेवला. "पण काका, तुम्हीच बंद केलं होतं ना?"

"मी?"

"तुम्ही सगळ्याच दुकानदारांनी. गिऱ्हाईक कुरकुर करतं, आलं फार झणझणतं म्हणतं, म्हणून."

काका आधी तिच्याकडे आणि मग त्याच्याकडे बघत राहिले. "अहो, झणझणतं म्हणून तर न्यायचे! समोरचा न्हावी एक खाऊन हुश्शहुश्श करायचा आणि लगेच दुसरं मागायचा. तक्रार कसली? माल कधी येणार, एवढंच विचारायचे लोक."

ताईने भावाकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

सगळा माल मॉलला देता यावा म्हणून छोटी दुकानं यानेच सोडली होती. खरी तक्रार मॉलच्या खरेदी बघणाऱ्या साहेबाची होती. सगळ्यांना चालेल असं करा, तो म्हणाला होता. हे ताईला सांगितलं असतं तर तिने त्या साहेबालाच भट्टीत घालायची भाषा केली असती. गिऱ्हाइकाचा शब्द मात्र ती खाली पडू देत नसे. म्हणून याने साहेबाचं बोलणं गिऱ्हाइकांच्या तोंडी घातलं. ती काही न बोलता आलं कमी करत गेली, आधी निम्मं, मग नावापुरतं. भट्टीतला माल दुकानात नेणं आणि दुकानातलं बोलणं भट्टीपर्यंत आणणं, दोन्ही याचंच काम होतं. दुसऱ्यात त्याने माती खाल्ली होती आणि ते त्याला तेव्हाही कळत होतं.

"काका, मी..." त्याने सुरुवात केली.

"जाऊ द्या हो. धंद्यात व्हायचंच इकडचं तिकडे." कुणी समोर खजील झालेलं काकांना बघवत नसे. त्यांनी कात्रीने खोक्याचं तोंड उघडलं. "आणलंच आहे तर चाखू द्या. चव तीच असेल तर काडेपेट्यांचं काय, त्या खालीही राहतील."

बिस्किटवाल्याचा जीव भांड्यात पडला. ताई मात्र एक पाऊल पुढे आली आणि काकांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. तिची बिस्किटं कुणी दुकानात खाताना तिने आजवर पाहिलं नव्हतं.

काकांनी बिस्किट मोडलं आणि अर्धं तोंडात टाकलं. चावलं. थांबले. पुन्हा चावलं, या वेळी सावकाश, काहीतरी सापडायचं राहिल्यासारखं. उरलेलं अर्धं त्यांनी हळूच झाकणावर ठेवलं. बाहेर कुणीतरी सायकल लावत होतं, तिकडे ते उगाच बघत बसले.

मग ते ताईकडे वळले. आवाज खाली आणून, दुःखाच्या घरी विचारावं तसं त्यांनी विचारलं, "पूर्वी ही बिस्किटं करायच्या, त्या बाई वारल्या का हो?"

बिस्किटवाल्याने घाईघाईने तोंड उघडलं. ताईने त्याला हातानेच थांबवलं.

"हो, काका," ती म्हणाली. "आम्हालाही आत्ताच कळलं."