चुन्याची रेघ

मल्हारीचा पाय पुन्हा रेघेबाहेर पडला आणि बायकांनी एकच गलका केला.

"प्यालाय! भर दुपारी प्यालाय!"

रेघ चुन्याची होती, मारुतीच्या देवळापासून थेट पिंपळापर्यंत ओढलेली. गावात दारूबंदी झाल्यापासून ती दर बाजाराच्या दिवशी नव्याने मारली जायची. कोणाचा संशय आला की दारूबंदी समितीच्या बायका त्याला धरून आणत आणि रेघेवरून चालायला लावत. सरळ चालला तर मोकळा. तोल गेला तर गळ्यात चपलांची माळ आणि गावभर वरात. समितीच्या अध्यक्ष मोतीबाई. त्यांच्यापुढे भल्याभल्यांची बोबडी वळायची. या रेघेनं गावातली हातभट्टी बंद पाडली होती, त्यामुळे रेघेवरच शंका घ्यायची कोणाची छाती नव्हती.

मल्हारी मेंढपाळ. दारूच्या वाटेला न गेलेला. मागच्या साली त्याचे पाय बधिर होऊ लागले, जीभ जड झाली. नांदेडच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांवरचं आवरण झिजतं, मेंदूचा निरोप पायापर्यंत नीट पोचत नाही. ऊन लागलं की तकलीफ वाढते, गारव्याला बसलं की कमी होते.

अशा माणसांसाठी साधनाताईंनी कादरभाईंच्या कापडदुकानामागच्या खोलीत केंद्र काढलं होतं. बाजारामुळे त्या दिवशी काळ्यापिवळ्या जीपगाड्या चालायच्या, म्हणून पेशंट त्याच दिवशी येत. पार डोंगरकडा गावाहूनही एक पोरगी यायची. सगळे मिळून व्यायाम करत, मानेवर ओले पंचे टाकून बसत, आणि मुख्य म्हणजे आपल्यासारखं दुसरंही कोणी आहे हे डोळ्यांनी बघत. पण त्या खोलीतून माणसं झुलत बाहेर पडताना दिसली आणि गावानं काय समजायचं ते समजून घेतलं. आज मल्हारी सापडला होता.

"साधना, किल्ली दे," मोतीबाई म्हणाल्या. "त्या खोलीत काय शिजून राहिलंय ते कळलंय आमाला. आजपासून कुलूप."

साधनाताई देवळाच्या पायरीवर बसल्या होत्या. "मावशी, त्यो आजारी हाय. डॉक्टरचे कागद हायत त्याच्याजवळ."

"कागद दारुड्याजवळबी असतात."

कादरभाई हळूच म्हणाले, "ताई, यांनी कुलूप घातलं तर मला काढता येनार न्हाई. ह्याच गावात धंदा करायचाय मला."

केंद्र बंद झालं तर ही सगळी माणसं पुन्हा आपापल्या घरात कोंडली जाणार होती. कोणाला बाहेरची बाधा म्हणून अंगारे, कोणाला गरम विटांचे शेक, म्हणजे दुखण्यात आणखी भर. साधनाताईंना इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. तिकडे माळ मल्हारीच्या गळ्याशी पोचली होती.

"थांबा," त्या म्हणाल्या. "आधी मी चालते."

बायका हसल्या. साधनाताई म्हणजे अंगणवाडीच्या ताई, अर्ध्या गावाला बाराखडीची तोंडओळख करून दिलेल्या. त्यांच्याबद्दल गावाची एकच तक्रार होती, की केंद्र काढल्यापासून बाई खुर्ची सोडत नाही, साहेबीण झाली.

ताईंनी चपला काढल्या आणि त्या रेघेवर उभ्या राहिल्या. डोक्यावर ऊन रणरणत होतं. पहिली पावलं बरी पडली. मग डावा पाय ओढला जाऊ लागला. रेघ एकीकडे चालली, ताई दुसरीकडे. मल्हारी सावरायला धावला, तर तोही झुलत. एरवी अशा जोडीला बघून गाव पोट धरून हसलं असतं. ताई गुडघ्यावर पडल्या. मल्हारीचा हात बाजूला सारून उठल्या. पिंपळापर्यंत गेल्याच.

"मलाबी हाच आजार हाय," त्या म्हणाल्या. शब्द जड येत होते. "लपवून ठेवला, ते चुकलं माझं. माळ माझ्याबी गळ्यात घाला. पन त्याच्या आधी, मावशी, माझ्या तोंडाचा वास घ्या."

मोतीबाई पुढे आल्या. ताईंच्या तोंडाचा वास घेतला. मग मल्हारीच्या. त्याला कांद्याचा वास येत होता, दुसरा कसलाही नाही. माळ धरलेल्या बाईनं ती मुकाट्यानं पाठीमागे लपवली.

मग एकच धावाधाव झाली. कोणी पाणी आणलं, कोणी आपला पदर भिजवून ताईंच्या मानेवर ठेवला. दोघांना पिंपळाच्या सावलीत बसवलं. बऱ्याच वेळानं मल्हारी आपणहून उठला आणि त्याच रेघेवरून देवळापर्यंत चालत गेला. एकदोनदा डगमगला, पण पाय बाहेर पडला नाही. बायका बघतच राहिल्या.

"मोतीआक्का, मंग कुलपाचं काय करायचं?" एकीनं विचारलं.

मोतीबाईंना ते ऐकूच गेलं नाही. त्या साधनाताईंच्या पुढ्यात मातीत बसल्या.

"उनात पाय वढतो?"

"व्हय."

"आन बोलनं बोबडं व्हतं? पेल्यावानी?"

"व्हय मावशी. काहून?"

मोतीबाईंनी कमरेचा मोबाइल काढून त्यातला एक नंबर ताईंपुढे धरला.

"तुझ्या फोनवरून माझ्या लेकाला लावून दे, प्रभूला. गाव सोडून गेल्यापासून म्या केला तर उचलत न्हाई. ह्या रेघंवरून पयली वरात त्याचीच काढली व्हती म्या, आन वास घेतला न्हवता."