बाकावरचं आजारपण

“अहो, म्हणा ना आता,” शिंप्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं. “डबा भरत चाललाय.”

शिंपी पिशवी मांडीवर घेऊन बाकाच्या कडेला नुसता बसून राहिला.

तिला नवल वाटलं. पॅसेंजर गाडीत पाऊल टाकलं की ह्या माणसाला कंठ फुटायचा. प्रत्येक स्टेशनावर थांबणारी, मागून येईल त्या गाडीला वाट करून देणारी ही गाडी. तिच्यात घाई करणारा वेडा आणि बसून जाणारा अर्धवट, असं त्याचं ठाम मत होतं. प्रवास करायचा तो आडवं होऊन. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात दोघांनी एक युक्ती काढली. तिने खिडकीकडे डोकं करून पडायचं, शाल तोंडावरून घ्यायची. त्याने उशाशी बसून चेहरा पाडायचा. कुणी जागा मागितली की हळूच म्हणायचं, “तिला बरं नाहीये हो.” बस्स. लोक मागे सरायचे. कुणी पाणी पुढे करायचं, कुणी खिडकी लावून द्यायचं. मग शिंपी फ्लास्कमधला चहा पीत, बाहेरची शेतं बघत निवांत जायचा. मधूनच शालीखाली एक बिस्कीट सरकवायचा. उभ्या संसारात दोघांचं इतकं एकमत दुसऱ्या कशावर झालं नव्हतं.

आज सकाळी जातानाही हा प्रयोग झाला होता, आणि झकास रंगला होता. शहरातल्या मोठ्या इस्पितळात तपासणीला निघाले होते. तिला हल्ली थकवा यायचा, आणि तिचे कपडे शिंप्याने वर्षभरात दोनदा उसवून आत घेतले होते. “आज अनायासे खरं बोलायला मिळतंय,” तो तिच्या कानात म्हणाला, आणि ती शालीखाली इतकी हसली की समोरच्यांना वाटलं, बाईला हुडहुडी भरलीय.

इस्पितळात डॉक्टरांनी तिला तपासलं. मग तिला बाहेर बसवून शिंप्याला एकट्याला आत बोलावलं. तो बऱ्याच वेळाने आला. “अशक्तपणा आहे. गोळ्या दिल्यात,” म्हणाला. स्टेशनापर्यंत मग तो अखंड बोलत होता. गळक्या नळाबद्दल, शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल. ती विचारत होती तेवढं सोडून बाकी सगळ्याबद्दल.

आणि आता गाडीत गप्प.

कडेवर मूल घेतलेली एक बाई आली, तिला त्याने आपणहून सरकून जागा दिली. तिच्या मागोमाग आणखी दोघं टेकले. शिंप्याची बायको खिडकीच्या गजांना चिकटली. पाय भरून आले होते. आज तिला खरोखरच आडवं व्हावंसं वाटत होतं.

“घसा बसलाय का तुमचा?” तिने विचारलं.

“बसून जाऊ गं एक दिवस. काय बिघडतं?”

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत एक कारकून आला. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, बगलेत छत्री. सकाळी ह्यांच्याच बाकावरची जागा सोडून उभ्याने आलेला. त्याने दोघांना बरोबर ओळखलं.

“काय काका? सकाळी तर काकूंचा जीव घाबरा होत होता! तुमच्यापायी अख्खी वाट मी दारात लोंबकळत आलो. आता कशी आहे तब्येत?”

डब्याने कान टवकारले. शिंप्याच्या बायकोने सवयीने मान टाकली, डोळे अर्धवट मिटले. आता फक्त त्याचं वाक्य यायचं होतं.

“ठणठणीत आहे ती!” शिंपी एकदम ओरडला. “काय झालंय तिला? काहीसुद्धा झालेलं नाही! बरं नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला?”

“तुम्हीच!” कारकून म्हणाला.

डबा खो खो हसला. “सापडले काका!” मागून कुणीतरी ओरडलं. “अहो, जागेसाठी सोन्यासारख्या बायकोला आजारी पाडता?” मूलवाली बाई म्हणाली. “जनाची नाही तर मनाची तरी!”

शिंपी हसला नाही, भांडलाही नाही. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिला, सोडत राहिला, पुन्हा गुंडाळत राहिला.

बायकोने डोळे उघडले. ह्या गाडीत आजवर त्याने तिला काय काय आणलं होतं! ताप, कावीळ, मणक्याचं दुखणं. एकदा तर बाळंतपणसुद्धा, लेक कॉलेजात शिकत असताना. ती धडधाकट आहे असं चारचौघांत तो आज पहिल्यांदाच म्हणत होता.

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. गाडी हलली तरी बघत होती. मग उठली, त्याच्या मांडीवरची पिशवी काढून घेतली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“जरा सरता का सगळे?” ती हळू आवाजात म्हणाली. “ह्यांना आडवं होऊ द्या. ह्यांची बायको फार आजारी आहे, आणि ह्यांना ते सांगवत नाहीये.”