नेव्हिलचे कान

मे महिन्यातला पहिला शनिवार. साउथलंडात बदकांच्या शिकारीचा मोसम उघडला. तळ्याकाठच्या आडोशात ग्लेनिसने बापापुढे बंदुकीचा आवाज अडवणारे इअरमफ धरले. गेली वीस वर्षं धरत होती. तिला आता या माणसाचा वीट आला होता.

"असली थेरं शहरातल्यांनी करावीत," नेव्हिल खेकसला. "माझ्या कानांना काय धाड भरलीय?"

"निम्मा बहिरा झालायस, बाबा!" ग्लेनिस तिडकीनं ओरडली.

तेवढ्यात दूरवर थवा दिसला. नेव्हिलने बंदूक उचलली आणि एकदम खाली ठेवली. गेल्याच आठवड्यात कानात बसवलेलं श्रवणयंत्र त्याने अलगद काढलं, रुमालात गुंडाळलं आणि तिच्या हातात दिलं.



"नीट सांभाळ. नाजूक वस्तू आहे, बंदुकीच्या आवाजानं बिघडायची."