रेवताबाईची कवळी

खुर्ची मागे कलली तशी रेवताबाईनं तिच्या कडा घट्ट धरल्या. डॉक्टरीणबाईंनी वरचा दिवा खाली ओढला आणि म्हणाल्या, “आजी, आ करा.”

तोंडात चार-पाच दात उरले होते, तेही हलणारे. करडी गावच्या तलावात तिच्या घरचे लोक मासे धरायचे आणि ती बाजारात विकायची. पण तिला स्वतःला मासा खाऊन दोन वर्षं झाली होती. ती नुसता रस्सा भातात कालवायची अन् गिळायची.

“वय किती?”

“साठ.”

“हे उरलेले काढून टाकू, म्हणजे ठणका थांबेल. मग मऊ भात, पातळ वरण. या वयात तेवढं पुरतं.”

रेवताबाई उठून बसली. “काढा. पन मंग मले पूरी कवळी पायजे.”

दाराशी स्टुलावर बसलेला तिचा नवरा आसाराम म्हणाला, “कायले पायजे व कवळी? माही माय बिनदाताचीच गेली. गावातल्या साऱ्या बुढ्या तशाच हायेत.”

“तुमची माय पंचावन्नाची होती, गेली तवा.”

कवळीचं हे खूळ कुठून आलं ते आसारामला ठाऊक होतं. त्यांची मुलगी ज्योत्सना नर्सचं शिकून जर्मनीला गेली होती. मागच्या रविवारी फोनवर तिच्याशेजारी एक गोरी म्हातारी दिसली. ज्योत्सना तिचीच देखभाल करायची. म्हातारी हसली तर तोंडभर दात. “शहाऐंशीची हाय, माय,” ज्योत्सना म्हणाली. “आताच नवे बनवले. पुढच्या साली नातवाचं लगन हाय, तिले तिथं नाचाचं हाय.” फोन ठेवल्यावर रेवताबाईनं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, “थे शहाऐंशीची होऊन पुढच्या सालचं पाहून राहिली. मंग मीच कशी बुढी झाली?” आज सकाळी ती एकटीच भंडाऱ्याच्या बसला उभी राहिली. आसाराम मागून धावत आला.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. इंजेक्शन दुखेल. हिरड्या भरायला महिने लागतील. पुन्हा पुन्हा यावं लागेल, आणि कवळी सुरुवातीला टोचेलच. “बरेच जण मधेच सोडून देतात, आजी.”

“मी नाही सोडत,” म्हणत रेवताबाई मागे टेकली. “करा सुरू.”

सुई हिरडीत गेली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी कानापर्यंत ओघळलं. हात मात्र कडांवरून हलले नाहीत. त्या दिवशी दोन दात निघाले. डॉक्टरीणबाईंनी कापसाचा बोळा निघालेल्या दातांच्या जागी दाबला आणि बोलू नका म्हणून बजावलं.

“मॅडम,” आसारामनं हळूच विचारलं, “कवळी किती दिवस चालते?”

“नीट जपली तर सहा-सात वर्षं.”

आसारामनं मान हलवली. “बस झालं. तेवढी तिले पुरून जाईन.”

रेवताबाईनं तोंडातला लाल बोळा काढून हातात घेतला.

“नाही पुरत,” ती म्हणाली. “मॅडम, मी दुसरी बनवाले येईन. तवा तुमी इथंच राहाल ना?”