काखेतला चेंडू

पहिला अर्धा खेळ संपल्याचा भोंगा वाजला आणि त्याच वेळी एमिलचे वडील दारातून आत आले. एका बाजूने एमिलच्या मेहुण्याने, लाडोने, धरलेलं. दुसऱ्या हातात थुंकायचा पत्र्याचा डबा. खाणीच्या गावाहून इथे यायला दीड तास पुरतो. त्यांना चार लागले. उबळ आली की लाडोला गाडी रस्त्याकडेला घ्यावी लागत होती.

एमिल चरफडला. सात वर्षं तो पगारावर बास्केटबॉल खेळत होता, आणि सात वर्षांत म्हातारा एकदाही बघायला आला नव्हता. आधी पाळी सुटायची नाही म्हणून, मग फुप्फुसात कोळसा बसला आणि दम पुरेना म्हणून. ईस्टरपर्यंत टिकले तर खूप, असं डॉक्टरांनी लाडोला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आणि आजच एमिलचा नेम असा लागत होता की विचारू नका. अर्ध्या खेळात एकट्याचे चौदा गुण. त्यातला एकही म्हाताऱ्याने पाहिला नव्हता.

असू दे, अजून अर्धा खेळ आहे, असं मनाशी म्हणत तो कपडे बदलायच्या खोलीत गेला.

प्रशिक्षक हॅगर्टी फळ्याकडे वळलेच नाहीत. "आपण तीन गुणांनी पुढे आहोत," ते म्हणाले. "त्यांचा तो ताडमाड स्वानसन बास्केटखाली उभा आहे तोवर तिकडे कोणी फिरकायचं नाही. चेंडू एमिलकडे. एमिल, धरून उभा राहा."

"किती वेळ?"

"संपेपर्यंत."

"कोच, माझे वडील आलेत. पहिल्यांदाच. एक तरी मारू द्या."

"माझे आले असते तरी मी हेच सांगितलं असतं. तू बत्तीस वर्षांचा झालास, एमिल. तुझ्या जागेवर डोळा ठेवून बसलेली दोन पोरं याच खोलीत आहेत. तुझं तू ठरव."

दोन्ही पोरांनी बुटांच्या नाड्यांत डोकं घातलं.

चेंडू किती वेळ धरावा याला त्या काळी धरबंध नव्हता. एमिल मैदानाच्या मध्यरेषेपुढे आला, चेंडू काखेत घेतला आणि उभा राहिला. समोरचेही हट्टाला पेटले. स्वानसनला बास्केटखालून हलवायचं नाही म्हणून तेही जागचे हलेनात. रविवारची दुपार, तीन हजार माणसं, आणि दहा गडी बस चुकल्यासारखे उभे.

पाच मिनिटं लोकांनी कळ काढली. मग सुरू झाले.

"काय रे, अंडं आहे का ते? उबवतोयस?"

"माझ्या सासूला उतरवा मैदानात. लकवा झालाय, पण याच्यापेक्षा जास्त हलते."

मक्याच्या लाह्या आल्या, मग चुरगाळलेले पेपर आले. एमिलने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. म्हातारा मान पुढे काढून, डोळ्यांची पापणी न लववता त्याच्याकडेच बघत होता. त्यांना काय वाटत असेल या विचाराने एमिलने चेंडू या काखेतून त्या काखेत घेतला.

भोंग्याला चार मिनिटं उरली असतील. त्याच्यावर नजर ठेवून असलेला समोरच्यांचा पोरगा कंटाळून मागे वळला आणि स्वानसनशी काहीतरी बोलायला लागला. एमिलला डावीकडे सरळ वाट दिसली. अशी वाट दिसली की पाय आपोआप सुटतात. त्याने चेंडू आपटला, एक पाऊल टाकलं, आणि अख्खं सभागृह उठून उभं राहिलं.

हॅगर्टी ओरडले नाहीत. त्यांनी फक्त शेजारच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला, आणि पोरगा अंगातलं जाकीट काढायला लागला. एमिलला खेळाखेरीज काही येत नव्हतं, आणि त्याच्या गावात खाणीखेरीज काही नव्हतं. त्याने पाऊल मागे घेतलं. चेंडू पुन्हा काखेत गेला. लोकांनी उडवलेली हुर्यो त्याने मान खाली घालून ऐकली, आणि इतकी लाज त्याला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

सामना ते तीनच गुणांनी जिंकले. कोणी टाळीही वाजवली नाही.

लोक पांगल्यावर तो तिसऱ्या रांगेपाशी गेला. म्हातारा डबा मांडीवर घेऊन बसला होता.

"एवढंच असतं?" त्यांनी विचारलं.

"कसलं एवढंच, बाबा," लाडो उसळला. "शेजारचा माणूस सांगत होता, आपण यायच्या आधी याने चौदा..."

"तू गप." म्हाताऱ्याने एमिलला खूण करून जवळ ओढलं आणि त्याच्या छातीवर पंजा ठेवला. बोटांची नखं कोळशाने कायमची काळी होती. पंजा बराच वेळ तिथेच राहिला.

"धाप नाही," ते म्हणाले.

"नाही."

"घामही नाही." बोलताना मध्ये त्यांना थांबावं लागत होतं. "मला वाटायचं... इथेही तुला... जीव जाईस्तोवर पळवत असतील. झोप लागायची नाही रे मला."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. असं हसू एमिलने आई असताना कधीतरी पाहिलं असेल. ते चौदा गुण त्याच्या अगदी ओठांवर आले होते. ते त्याने गिळले.

"नाही, बाबा," तो म्हणाला. "आमच्याकडे नुसतं उभं राहायचं असतं."

"रोज?"

"रोज."