दाखल करा

"सावकाश. चुकलीस तर उसवू, पुन्हा घालू टाका." लहानपणी शिवण शिकवताना आई असं म्हणायची. आज मी तेच तिला सांगत होते.

दवाखान्याच्या वेबसाइटवर तपासणीची वेळ मागायचा अर्ज मीच बनवला होता. पहिली परीक्षा आईकडे. नाव, वय, गुडघेदुखी, सगळं तिनं नीट भरलं. शेवटच्या बटणापाशी मात्र तिसऱ्यांदा बोट मागे घेतलं.

मी अक्षरं मोठी केली, बटण हिरवं केलं. काही कळेना.

"दिसत नाही का गं?"

"दिसतंय की. 'दाखल करा' लिहिलंय."

"मग?"

ती पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली.

"तुझे बाबा गेले ना, तेव्हा त्यांना घरीच यायचं होतं. डॉक्टरांना 'दाखल करा' म्हणणारी मीच."